बाई, सध्या तुम्ही काय वाचताय?

मुलांनी भरपूर वाचावे असे प्रत्येक शिक्षकाला आणि पालकाला वाटते. पण मुलांनीच उलट प्रश्न विचारला तर? रायपूरच्या पुरानी बस्तीत शिकवणाऱ्या एका मराठी शिक्षिकेचा हा अनुभव...

शनिवारचा शेवटचा तास होता. चौथीचा वर्ग. खिडकीबाहेर टुरी हटरीकडे जाणाऱ्या रिक्षांचा आणि भाजीवाल्यांचा गलका चालला होता. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'पुस्तके आपले मित्र' असे हिंदीत लिहिले आणि वाचनाचे फायदे सांगायला सुरुवात केली. ज्ञान वाढते, शब्दसंग्रह वाढतो, वेळ चांगला जातो... मुले नेहमीप्रमाणे माना डोलावत होती.

एवढ्यात शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. वर्गात सर्वांत जास्त बडबड करणारा. त्याने अगदी सरळपणे विचारले, "मैडम, आजकल आप कौन-सी किताब पढ़ रही हैं?"

मी खोटे बोलले. अमरावतीला कॉलेजात असताना वाचलेल्या एका कादंबरीचे नाव मी ठोकून दिले. त्याला वीस वर्षे होऊन गेली होती. पोराचे समाधान झाले नाही. "उसमें आगे क्या हुआ?" त्याचा दुसरा प्रश्न तयारच होता. मला काही केल्या आठवेना. तेवढ्यात घंटा झाली आणि माझी सुटका झाली.

महामाया मंदिराच्या रस्त्याने घरी चालत येताना मात्र सुटका झाल्यासारखे वाटले नाही. गेल्या वर्षभरात मी काय वाचले? पाठ्यपुस्तके, उत्तरपत्रिका, सासूबाईंच्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि मोबाइलवर आलेले निरोप! जी गोष्ट मी स्वतः सोडून दिली होती, तिचे गोडवे मी पस्तीस मुलांपुढे गात होते. मोठ्यांना असे फसवता येते. मुले ओळखतात.

एका वर्गात चार भाषा

महाराष्ट्रातल्या वाचकांना पुरानी बस्ती ठाऊक असण्याचे कारण नाही. रायपूर शहराचा हा जुना भाग. महामायेचे देऊळ, दूधाधारी मठ, जैतूसाव मठ, अरुंद गल्ल्या आणि टुरी हटरीचा बाजार. छत्तीसगढीत टुरी म्हणजे मुलगी आणि हटरी म्हणजे छोटा बाजार. जवळच बूढा तालाब आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढवर आला आणि त्यांच्या कारभाराबरोबर अनेक मराठी कुटुंबे या मुलखात स्थिरावली. 1935 साली इथे महाराष्ट्र मंडळही स्थापन झाले. त्यामुळे रायपुरात मराठी कानावर पडणे ही काही नवलाची गोष्ट नाही.

माझ्या वर्गातली बहुतेक मुले घरी छत्तीसगढी बोलतात. काहींच्या घरी ओडिया आहे, दोघांच्या घरी मराठी. पुस्तक मात्र सर्वांचे हिंदी. घरी मांजराला 'बिलई' म्हणणारे मूल शाळेत आले की त्याला 'बिल्ली' म्हणावे लागते. शब्द छोटाच, पण आपल्या घरचे काहीच पुस्तकात नसते, हे मूल त्यातून नकळत शिकते. मग पुस्तक म्हणजे परीक्षेपुरती उघडायची वस्तू, असा त्याचा समज झाला तर त्याला दोष कसा द्यायचा?

सासऱ्यांची पेटी

आधी स्वतःपासून सुरुवात करायची असे ठरवले. माळ्यावर माझ्या सासऱ्यांची एक पत्र्याची पेटी होती. ते गेल्यापासून ती कोणी उघडली नव्हती. वाटले, आत पोथ्या असतील. निघाले काय, तर बाबूराव अर्नाळकर! झुंजार, काळापहाड, धनंजय... पिवळी पडलेली, पाठकोरी गेलेली रहस्यकथांची पुस्तके. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाने एकेकाळी महाराष्ट्रातल्या घराघरांत वाचक तयार केले होते. आमचे गंभीर, कमी बोलणारे सासरे त्यांतलेच एक होते, हे मला त्या दिवशी कळले.

खरे सांगायचे तर मी मनातून काहीतरी भारदस्त वाचायचे ठरवले होते. पण हात गेला झुंजारकडे. रात्री सगळे आवरल्यावर पंधरा मिनिटे, एवढाच नियम केला. पहिल्या रात्री तिसऱ्या पानावर झोप लागली. चौथ्या रात्री मात्र साडेबारा वाजले तरी दिवा चालूच! सासूबाईंनी पलीकडच्या खोलीतून विचारले, "अगं, बरं नाही का तुला?" मी म्हटले, "बरी आहे आई, चोर सापडायचाय अजून." त्या हसल्या. म्हणाल्या, "हे पण असेच जागायचे."

वाचनाची मोडलेली सवय पुन्हा लागायला थोर ग्रंथच लागतो असे नाही, हा माझा पहिला धडा. पुढे काय झाले हे जाणून घ्यायची ओढ लागली पाहिजे. ती लागली की माणूस हळूहळू इतर पुस्तकांकडेही वळतो. मीही वळले.

वर्गातली पेटी

सोमवारी वर्गात गेले आणि त्या मुलाला उभे करून सर्वांसमोर सांगितले, "परवा मी खोटं सांगितलं. मी कित्येक वर्षांत काही वाचलं नव्हतं. आता हे वाचतेय." आणि पिशवीतून झुंजार काढून दाखवला. वर्गात एकदम शांतता. मग एकच प्रश्न, पस्तीस तोंडांतून, "चोर कौन है?"

त्यानंतर वर्गात पुठ्ठ्याचे एक खोके आले. राष्ट्रीय पुस्तक न्यासाच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली स्वस्त पुस्तके, चिल्ड्रन्स बुक ट्रस्टची काही, भोपाळच्या एकलव्य संस्थेने 1985 साली सुरू केलेल्या 'चकमक' मासिकाचे रद्दीत मिळालेले अंक, माहेरून मागवलेले 'किशोर'चे जुने अंक. 'किशोर' बालभारतीतर्फे 1971 पासून निघते, हे अनेकांना माहीत असेलच. सगळी मिळून चाळीसही पुस्तके नव्हती. पण ती एकमेकांसारखी नव्हती. गोष्टी होत्या, कोडी होती, किड्यांची माहिती होती आणि शब्द नसलेले, नुसत्या चित्रांचेही एक पुस्तक होते.

रोज प्रार्थनेनंतर दहा मिनिटे मी मोठ्याने वाचू लागले. त्यावर प्रश्न नाहीत, शुद्धलेखन नाही, तात्पर्य नाही. पहिल्या आठवड्यात 'महागिरी' वाचले. खांब रोवायच्या खड्ड्यात मांजराचे पिल्लू आहे म्हणून माहुताने मारले तरी खांब खाली न सोडणाऱ्या हत्तीची ही गोष्ट. वाचताना मी 'बिल्ली'च्या जागी सहज 'बिलई' म्हटले. वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "ये तो हमर गोठ आय!" म्हणजे, ही तर आमची बोली! त्या दिवसापासून गोष्टीतल्या शब्दांची अदलाबदल हा आमचा खेळच झाला. 'किशोर'मधली मराठी गोष्ट मी हिंदीत सांगायची, मुलांनी छत्तीसगढी शब्द पुरवायचे. मराठीतली आजी त्यांच्याकडे 'बूढ़ी दाई' होते, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

आरसा तोंडासमोर धरू नये

पण सगळेच काही सुरळीत झाले नाही. एक चूक माझ्या हातून झाली. ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही.

अमेरिकेतल्या अभ्यासक रुडिन सिम्स बिशप यांनी 1990 साली एक फार उपयोगी कल्पना मांडली. मुलांची पुस्तके ही खिडकी असतात, तशीच आरसाही असतात. खिडकीतून दुसऱ्याचे जग दिसते, आरशात स्वतःचे. ज्या मुलाला कुठल्याच पुस्तकात आपण दिसत नाही, ते मूल आपण कोणी महत्त्वाचे नाही असे समजून बसते. आणि ज्याला सगळीकडे फक्त आपणच दिसतो, त्याला दुसऱ्याची किंमत कळत नाही. हे मला पटले. आपल्या खोक्यात सगळ्या प्रकारची मुले असली पाहिजेत, असे मी ठरवले.

मग कमला भसीन यांचे 'मालू भालू' आणले. एक हात नसलेल्या, तरीही पोहायला शिकणाऱ्या अस्वलाच्या पिल्लाची ती गोष्ट. माझ्या वर्गात एक मुलगी पायाने अधू आहे. आई हटरीत भाजी विकते. पोर फारशी बोलत नाही. मला वाटले, हे पुस्तक जणू तिच्यासाठीच आहे! वाचून झाल्यावर मी तिच्याकडे पाहिले आणि सगळ्या वर्गासमोर विचारले, "तुला कसं वाटलं गं? मालू तुझ्यासारखीच आहे ना?"

पस्तीस माना तिच्याकडे वळल्या. तिने खाली पाहिले. त्यानंतर दोन आठवडे ती खोक्याजवळ फिरकली नाही.

काय चुकले ते मला लगेच कळले नाही. कळले ते एका जुन्या आठवणीवरून. आई गेली तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने मला दुःख, मृत्यू आणि मनःशांती यांवरची पुस्तके दिली होती. माणसे भली होती. पण त्यांतले एकही पुस्तक मी उघडले नव्हते. मला तेव्हा दुःखी मुलगी म्हणून कोणी वागवायला नको होते. मला थोडा वेळ दुसरीकडे कुठेतरी जायचे होते, एवढेच. आणि मी मात्र एका नऊ वर्षांच्या मुलीला तिचा पायच तेवढा दाखवत होते!

आरसा भिंतीवर टांगून ठेवायचा असतो. ज्याला पाहावेसे वाटेल तो आपण होऊन पाहील. तो कोणाच्या तोंडासमोर धरायचा नसतो.

मी तिची माफी मागितली, एकटीला गाठून. मग विचारले, तुला कसले पुस्तक हवे? खूप वेळाने ती म्हणाली, "भूतवाला." मी भुताच्या गोष्टी शोधून आणल्या. तिने त्या आठवडाभरात फस्त केल्या आणि खोक्याचा ताबाच घेतला. आता पुस्तके देण्या-घेण्याची वही तीच सांभाळते. 'मालू भालू' पुढे तिने घरी नेले होते, हे मला त्या वहीतूनच समजले. तिला काय वाटले ते मी विचारले नाही.

आपल्याच गावातली उदाहरणे

मुलांसाठी पुस्तके शोधता शोधता मला या गावाची एक जुनी ओळख सापडली. पुरानी बस्तीला लागून कंकालीपारा आहे. तिथे 1908 साली आनंद समाज वाचनालय स्थापन झाले. परीक्षेसाठी नव्हे, तर गावातल्या माणसांनी वर्तमानपत्रे आणि पुस्तके वाचावीत म्हणून! शेजारच्या लाखेनगरला ज्यांचे नाव आहे, ते वामनराव लाखे आणि त्यांचे स्नेही माधवराव सप्रे ही त्या काळच्या रायपूरमधली दोन मोठी नावे.

सप्रे (1871-1926) हे मराठी घरातले. त्यांनी पेंड्र्याच्या राजकुमारांना शिकवण्याची नोकरी धरली आणि त्याच काळात, जानेवारी 1900 मध्ये, 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. लाखे त्याचे प्रकाशक होते. मासिक तीन वर्षे चालले आणि तोट्यामुळे बंद पडले. पण त्यातून नव्या पुस्तकांची परीक्षणे वाचकांपुढे येत राहिली. पुढे सप्र्यांनी समर्थांचा 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले. आपण वाचलेले चांगले काही दुसऱ्या भाषेतल्या शेजाऱ्याला द्यायचे, हे त्यांनी आयुष्यभर केले. एक प्रकारे तेही आमच्या वर्गातल्यासारखेच शब्दांची अदलाबदल करत होते!

त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही 1901 सालची कथा अनेक जण हिंदीतल्या अगदी पहिल्या कथांमध्ये धरतात. जमीनदार एका विधवेची झोपडी बळकावतो. ती नातीसाठी चूल करायला झोपडीतली टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलायला त्यालाच हात लावायला सांगते. त्याला ती उचलत नाही. तेव्हा ती विचारते, एका टोपलीचा भार पेलत नाही, तर या सगळ्या मातीचा भार जन्मभर कसा पेलणार? ही गोष्ट मी वर्गात वाचली. लिहिणारा माणूस याच रायपुरात राहत होता, हे सांगितल्यावर मुलांचे डोळे विस्फारले. लेखक हा दूर कुठेतरी मोठ्या शहरात असतो, अशी त्यांची समजूत होती.

खरे तर अलीकडचेही उदाहरण गावातच होते. ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी विनोदकुमार शुक्ल याच शहरात राहत आणि 2025 च्या डिसेंबरात इथेच त्यांचे निधन झाले. मोठ्यांसाठी आयुष्यभर लिहिलेल्या या लेखकाने उतारवयात मुलांसाठी मनापासून लिहिले. मुलांचे साहित्य हे कमी दर्जाचे काम आहे असे मानणाऱ्यांना याहून चांगले उत्तर कोणते?

वाचणारे गुरुजी

मुलांना वाचायला लावणारे शिक्षक आठवून पाहा. ते स्वतः वाचणारेच निघतात. अंमळनेरच्या शाळेत शिकवणारे साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढत. स्वतः वाचलेले मुलांपर्यंत पोहोचवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पुढे त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांची तमिळशी ओळख झाली आणि 'कुरल' मराठीत आला.

गुजरातच्या गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्न'मधला शिक्षक सुरुवातीलाच धडा बाजूला ठेवून गोष्ट सांगायला बसतो आणि पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून वर्गासाठी वाचनालय उभे करतो. जपानच्या 'तोत्तोचान'मध्ये कोबायाशी गुरुजी आगगाडीच्या जुन्या डब्यात मुलांसाठी ग्रंथालय थाटतात. कोणीही कोणतेही पुस्तक घ्यावे, हवे तसे वाचावे. ही दोन्ही पुस्तके मी गेल्या दोन वर्षांत वाचली, रोज पंधरा मिनिटे. शिक्षणशास्त्राच्या पदवीत जे कळले नव्हते ते मला त्यांतून कळले.

एवढे करून पाहा

शिक्षकच नव्हे, कोणत्याही घरात आई-बाबा, आजी-आजोबा यांनाही हे जमण्यासारखे आहे.

• रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचा. मूल स्वतः वाचू लागले तरी थांबवू नका. आवाज काढून, नक्कल करून वाचा. लाजू नका.

• मुलांदेखत स्वतःचे पुस्तक वाचा. मूल झोपल्यावर वाचलेले पुस्तक मुलाला दिसत नाही.

• एकाच प्रकारची पुस्तके आणू नका. दुसऱ्या प्रांतातले, दुसऱ्या धर्मातले, जंगलातले, झोपडीतले मूलही घरात येऊ द्या. तुलिकासारखे प्रकाशक एकच पुस्तक हिंदी, मराठी, तमिळ अशा अनेक भाषांत काढतात. दोन भाषांतली प्रत शेजारी ठेवून पाहा, मुलांना मोठी गंमत वाटते.

• गोष्ट संपल्यावर 'यातून काय शिकलास?' हे विचारू नका. फार तर 'तुला कोण आवडलं?' असे विचारा.

• मुलाने अर्धवट सोडलेले पुस्तक म्हणजे अपराध नव्हे. तुम्हीही सोडताच की!

• मुलाने निवडलेल्या भुताच्या, चोराच्या किंवा विनोदाच्या पुस्तकाला नाक मुरडू नका.

पान 94

तो बडबड्या मुलगा आता सहावीत आहे. शाळा बदलली, पण गल्ली तीच. मध्यंतरी सासूबाई महिनाभर अंथरुणाला खिळून होत्या. घर, शाळा, दवाखाना यांत पुस्तकाला हात लागला नाही. एके दिवशी औषधे घेऊन परतताना तो टुरी हटरीजवळ सायकलवर भेटला. "मैडम, आजकल क्या पढ़ रही हैं?"

या वेळी मी खोटे बोलले नाही. "एक चालू होतं. महिना झाला, पुढं गेलं नाही."

"कौन-से पन्ने पर हैं?"

"चौऱ्याण्णव."

त्याने समजूतदारपणे मान हलवली, जणू तोच माझा मास्तर. "कोई बात नहीं. निशान रखा है न?"

खूण ठेवली होती. औषधाच्या दुकानाच्या बिलाची. त्या रात्री सासूबाईंना झोप लागल्यावर मी पान 94 उघडले आणि चार पाने वाचली. उद्या तो पुन्हा भेटला तर सांगता येईल, अठ्ठ्याण्णव!